डब्यातला कुपा

“ह्याला डोळा कुठं हाय?”

सासूबाईंनी डबा उलटा केला, सुलटा केला, कानाशी नेऊन हलवून पाहिला आणि माझ्या मांडीवर परत टाकला.

“आई, डब्यातला मासा आहे तो. साफ करून, शिजवून भरलेला. डोळा, कल्ला काही नसतं त्यात.”

“मग ताजा हाय ते बघितलं कुणी?”

हर्णैच्या बंदरात चाळीस वर्षं मासळीचा लिलाव केलेली ही बाई. कल्ला उचलून बघितल्याशिवाय तिनं सख्ख्या भावाच्या होडीतला पापलेट कधी टोपलीत घेतला नव्हता. आणि मी तिच्यासमोर गोल पत्र्याचा डबा धरून बसले होते, ज्याच्यावर निळ्या समुद्रात एक मासा हसत होता.

“कुपा आहे, ट्यूना म्हणतात तो,” मी म्हटलं. “समोरच्या खोलीतल्या इनासकाकांनी दिलाय.”

“कुपा? कुपा आमच्याकडं मांजरं खातात.” एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या मागची ती धर्मशाळा होती. पेशंट आणि सोबतीचं माणूस, दोघांना मिळून एक खोली. सासूबाईंच्या गालात आतून गाठ निघाली होती, जन्मभर लावलेल्या मिश्रीनं दिलेला आहेर. त्यावर किरणांचे तीस शेक घ्यायचे होते. वीस झाले होते. शेक देताना काही दुखत नाही, दुखतं ते नंतर. तोंड आतून सोलवटून निघतं, गिळताना जीव जातो. त्यात खोलीत स्टोव्ह पेटवायला बंदी. स्वयंपाकघर खाली, सगळ्यांचं मिळून एकच. सकाळी तिथं वीस घरांच्या फोडण्या एकदम बसायच्या आणि तो वास जिन्यानं वर आला की सासूबाईंच्या पोटात ढवळायचं. पोटात काही नसताना त्या ओकारी काढायच्या.

त्या दिवशी गुरुवार होता. शेकाच्या विभागातल्या सिस्टरनं सकाळी काट्यावर उभं केलं तर एक्केचाळीस किलो दोनशे ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी सोमवारीच बजावलं होतं, “बेचाळीसच्या खाली गेलात तर नाकातून नळी घालावी लागेल आजी. आणि अंगात ताकद नसेल तर शेक थांबवावे लागतील. मधेच थांबवले तर झालेल्या विसांचाही उपयोग राहणार नाही.” आता पुढच्या सोमवारी त्या स्वतः वजन बघणार होत्या.

शेक थांबले तर काय होणार, हे आम्हा दोघींना न सांगता कळत होतं. पण सासूबाईंना धास्ती होती ती नळीची. “नाकात दोरी घालून मला गळाला लागलेल्या मोडसा माशासारखी बांधून ठेवनार,” त्या म्हणायच्या. “त्यापरीस मला हर्णैला ने. समुद्राच्या वाऱ्यावर मरू दे.”

तरी खायच्या नाहीत. पेज केली तर खारट. खिमट केलं तर अळणी. रव्याची खीर एक चमचा तोंडात घेतली आणि म्हणाल्या, “तिखट झालीय.” खीर तिखट! मी समजले की टोमणा आहे. टोमण्यांची मला सवय होती. माझे वडील एसटीत कंडक्टर, साताऱ्याहून दापोली डेपोला बदलून आलेले. मी लग्न माझं मीच जमवलं आणि थेट कोळीवाड्यात जाऊन पडले. आठ वर्षं झाली तरी सासूबाईंच्या लेखी मी ‘घाटी’च होते. भात, भाकरी, डाळ माझ्याकडे. मासळीला मात्र हात लावायचा तो धुण्यापुरता. मीठ-हळद चोळायची, तीन पाण्यांनी धुवायची आणि बाजूला व्हायचं. कालवण त्या करणार आणि त्याची चवही आधी त्याच घेणार. पळीतला एक थेंब तळहातावर, तळहात जिभेला, डोळे मिटलेले. त्या “हां” म्हणाल्या की मग पानं वाढायची. मी कधी चाखायला गेले तर म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे गो, तुला काय कळनार हाय?”

इनासकाका वसईचे. जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी होते, निवृत्त झालेले. बायको मोनिका आमच्याच आजारानं त्याच हॉस्पिटलात. उंच, वाकलेले, बनियनवर पांढरा रुमाल टाकून फिरायचे. ओकारीचा आवाज ऐकून ते त्या दुपारी दारात आले होते आणि दोन डबे माझ्या हातात ठेवून गेले होते.

“आग लावायचीच नाही,” त्यांनी समजावलं होतं. “आग नाही तर वास नाही, वास नाही तर उलटी नाही. आमच्या शिपवर एक इटालियन चीफ इंजिनियर होता, उन्हाळ्यात असंच मागायचा. डबा उघड. तेल फेकायचं नाही हां. मासा कुस्करून तेलासकट चमच्यानं घोट, घोट, घोट. तो त्यात अंडं आणि लिंबू घालायला लावायचा. तू नारळाचं दूध घाल, आंबट काही नको, तोंडात आग होईल. चाळणीतून दाबून काढ आणि सकाळच्या थंड मऊ भातावर ओत. पाच मिनिटांचं काम. माझी मोनिका त्याच्यावरच आहे.”

एवढं सोपं. पण मी डबा उघडला आणि माझे हात अडले. मासळी न धुता माणसाच्या पोटात घालायची? आठ वर्षांत दुसरं काही शिकले नसेन, पण धुणं शिकले होते. घरात हळदीकुंकवाला बाई आली आणि तिला कुंकू न लावता पाठवली, तसं काहीतरी वाटायला लागलं. शेवटी मी तेल एका वाटीत काढून ठेवलं. माशाच्या फोडी ताटलीत घेतल्या, त्यांना चांगलं मूठभर मीठ चोळलं, हळद चोळली आणि पाणी ओतलं. पहिल्याच पाण्यात मासा विरघळून वाहायला लागला. घाबरून पुढची दोन पाणी दिलीच नाहीत. हाताला लागला तेवढा पिळून घेतला, वरून तेल ओतलं, हर्णैहून आणलेल्या नारळाचं दूध फडक्यातून पिळलं आणि घोटत बसले. रंग हळदीनं छान आला होता.

चाखलं नाही. घरची रीतच तशी. मासळी चाखायचा मान त्यांचा.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. मी उठवून बसवलं. भातावर दोन चमचे ओतून पहिला घास दिला. तोंडात जाताच त्यांचे डोळे घट्ट मिटले, अंग शहारलं. पण त्यांना हल्ली पाणीसुद्धा झोंबायचं. गिळला. दुसरा दिला, तोही कष्टानं गिळला. मग त्यांनी तळहातानं ताटली बाजूला सारली.

“मीठ कमी हाय,” म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

मला असा संताप आला म्हणून सांगू. इथं मी रात्रंदिवस उभी, नवरा तिकडे बोटीवर, पोरगी माहेरी टाकलेली, आणि ह्यांचं मीठ! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय खोटं नाही. ताटली घेऊन मी तणतणत बाहेर व्हरांड्यात आले आणि बोटानं उरलेलं चाटलं.

चाटलं आणि कठड्यावरून खाली थुंकले. मिठागरात तोंड घातल्यासारखं झालं. त्यावर कच्ची हळद.

इनासकाका समोरच खुर्चीवर बसले होते. त्यांनी ताटलीकडे पाहिलं. “पिवळं कसं झालं हे?”

“धुतलं,” मी म्हटलं. “मीठ-हळद लावून.”

“डब्यातला मासा धुतलास?” ते असे हसले की त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. “तीस वर्षं शिपवर होतो, बारा देशांची माणसं बघितली. डब्यातला मासा धुणारी पहिली बाई तू!” त्यांनीही बोट लावून चाखलं. “अगं, हे खारं पाणी आहे नुसतं. आजींनी थुंकून दिलं असेल.”

“नाही. दोन घास गिळले. म्हणाल्या, मीठ कमी आहे.”

काकांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी रुमालानं बोट पुसलं.

“मोनिकाची चव पंधराव्या शेकाला गेली,” मग हळू म्हणाले. “सगळ्यांचीच जाते. पुढे येते परत, बहुतेकांची. ती मला त्याच दिवशी म्हणाली, इनास, मला काही लागत नाही. काही माणसं सांगत नाहीत.”

मी तिथंच कठड्याला टेकले. तिखट खीर. मीठ न घातलेली पेज, ती खारट. पाण्यासारखं ताक, ते आंबट. पंधरा दिवस ही बाई अंदाजानं बोलत होती. आणि मी पंधरा दिवस मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. मला माझीच लाज वाटली, अगदी उघडी पडल्यासारखी.

आत गेले. त्या जाग्याच होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले.

“आई, मघाचं मी चाखलं.”

“मग?”

“खारट ढोण होतं. तोंडात धरवत नव्हतं.”

भिंतीकडचं तोंड वळलं नाही.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“धाव्या शेकापासनं कमी झालं. आता आठ दिस काहीच नाय.” आवाज खालचा, भांडणाचा नव्हता. “तोंडात माती हाय का भात हाय, कळत नाय गो. आंधळ्यानं पानी तुडवावं तसं. पाय कुठं पडतोय कळल्याबिगर टाकनार कसा? गिळायला भ्या वाटतं.”

“मग सांगायचं नाही का?”

तेव्हा त्या वळल्या. “कुनाला सांगू? बंदरात माल नासका हाय का चांगला, मोठाले व्यापारी माझ्या जिभेवर घेत. चांगुणा चोगले बरा म्हनली म्हंजे बरा. घरात म्हनशील तर पोरगा माझ्या कालवनासाठी समुद्रातनं धावत येतो. ती जीभ गेली. आता मी कोन? टोपली उचलायचं बळ गेलं तवा एवढं वाटलं नव्हतं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. शेकानं काळा पडलेला तो गाल, त्याला पुसायची भीती. मी पदर नुसता टेकवला.

मग कसं सुचलं कोण जाणे. म्हटलं, “आई, मी चाखते आणि सांगते. तुम्ही ऐकून गिळा.”

“तू?” रडता रडता त्या चक्क हसल्या. “गाढवाला गुळाची चव काय!”

“मग शिकवा. दुसरं गाढव आहे का जवळ?”

मग कोपरावर रेलून उठल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या, बंदरात लिलावाला बसायच्या तशा.

“आन तो दुसरा डबा. आनि खबरदार धुतलास तर.”

मी डबा उघडला.

“आधी तेल चाख. कसं हाय?”

“तेलासारखं.”

“तेलासारखं!” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “डोळं मीट. जिभंच्या शेंड्याला काय लागतं? कडंला काय? गिळल्यावर मागनं काय येतं?”

मी डोळे मिटले. पहिल्यांदा आयुष्यात कुणी मला असं विचारत होतं. “शेंड्याला खारट, थोडंच. कडेला काही नाही. मागून... लोखंडासारखं. तव्याचा वास येतो तसं.”

“तो कुपा,” त्या समाधानानं म्हणाल्या. “रगताचा मासा. त्याचं तेच हाय. नारळाचं दूध किती घेतलंस?”

“अर्धी वाटी.”

“घाल. घोट. आता चाख. लोखंड गेलं?”

“कमी झालं.”

“अजून दोन चमचं. चाख. आता?”

“आता गोडसर येतंय आधी. लोखंड लपलं.”

“लपू दे, पन मारू नको. मासा हाय म्हनून कळाया पायजे. ऱ्हाव दे आता. चाळनीतनं काढ.”

चाळणीतून मऊ, पांढरट, दह्याच्या सायीसारखं उतरलं. आग नाही, धूर नाही, फोडणी नाही. मी ते थंड भातावर ओतलं, आधी स्वतः एक घास घेतला आणि मग त्यांच्यापुढे चमचा धरला. त्यांनी तोंड उघडलं नाही.

“सांग आधी.”

“भात गार आहे. मऊ आहे. वर गोडसर दूध आहे नारळाचं. मीठ बेताचं. आणि मागून...” मला शब्द सापडेना. “सकाळी तुमची टोपली घरात आली की ओटीवर यायचा तो वास.”

त्यांनी डोळे मिटले आणि घास घेतला. घोळवला. गिळला. मी वाट बघत होते की कपाळाला आठी पडते का.

“हां,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी नऊ घास गेले. रोज मोजत होते म्हणून आठवतं. शुक्रवारी काकांचाच आणखी एक डबा, सकाळ-संध्याकाळ वाटी-वाटी. शनिवारी इनासकाकांनी आणखी तीन डबे आणून दिले आणि दारातच उभं राहून “धुतलं का आज?” असं रोजच्यासारखं विचारून गेले. प्रत्येक घासाला मी चाखायचे आणि सांगायचे. माझे शब्द संपले की त्या चिडायच्या. “कालचंच सांगतीस. आजचं सांग.” मग मी पुन्हा जीभ फिरवायची आणि नवीन काहीतरी शोधायची. रविवारी बोट किनाऱ्याला लावून माझे हे मुंबईला आले तर आई बसून जेवतेय आणि बायको डोळे मिटून बडबडतेय. त्यांना वाटलं, आता दोघींनाही दाखवावं लागणार.

सोमवारी काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो सातशे.

बेचाळीसला अजून तीनशे ग्रॅम कमी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, पण त्या टेबलापुढे पन्नास माणसं उभी होती. त्यांनी कागद पुढे ओढला. “आजी, ठरल्याप्रमाणे नळी घालूया. दुखत नाही फार.”

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “गुरुवारी किती व्हतं?”

सिस्टरनं कागद उलटला. “एक्केचाळीस दोनशे.”

“मग? खाली चाललं व्हतं, आता वर आलं. भरती लागली बाय. भरतीला लागलेल्या पान्याला कुनी व्होटी म्हनतं का?”

मागे कुणीतरी हसलं. डॉक्टरीणबाईही थोड्या हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. “चार दिवसांत काय बदललं आजी? परत बंद होणार नाही कशावरून?”

मला वाटलं, आता त्या काहीतरी थाप मारतील. बंदरावरची बाई, भाव पाडायला आणि चढवायला दोन्हीकडून तयार. मी खाली मान घालून उभी राहिले.

“माझी जीभ गेलीय,” सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. त्या अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा. “मला काय लागत नाय. मी कुनाला सांगितलं नव्हतं, म्हनून खात नव्हते. आता ही माझी सून चाखते आनि मी गिळते. घाटावरची हाय, पन शिकतीय. मला चार दिवस द्या. नाय वाढलं तर नाक तुमचं.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वर बघता येईना, डोळे भरले होते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “शुक्रवारी परत वजन. आजचा शेक घेऊन जा.”

नळी लागली नाही. तीसही शेक पुरे झाले. त्यानंतर सासूबाई अकरा वर्षं जगल्या. बंदरात परत बसल्या नाहीत, पण घरातल्या ओटीवरून बंदर चालवलंच.

हर्णैला परत आल्यावर कालवण त्याच करायच्या, पण पळी माझ्या हातात यायची. “चाख गो. मीठ कसं हाय?” मी तळहातावर थेंब घ्यायचा, डोळे मिटायचे, सांगायचं. मी “हां” म्हणाले की पानं वाढायची. वर्षं गेली, तीच रीत पडली. मला कधी कधी वाईट वाटायचं की इनासकाका म्हणाले होते, बहुतेकांची परत येते, पण आमच्या आईंची मेली ती मेलीच.

मग एका शिमग्याला मला जबरदस्त सर्दी झाली होती. घरात पाहुणे, घाई. मी पळीतला थेंब चाटला, काही कळलं नाही, पण ते सांगायला वेळ कुणाला? “हां,” म्हटलं आणि पानं वाढली.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. “मीठच नाहीये ह्यात!”

“बरोबर हाय,” सासूबाई म्हणाल्या. “हिनं चाखलंय. गप जेव.”

पाहुणे माना खाली घालून जेवायला लागले. मी चपापून सासूबाईंच्या पानाकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची मूठ पदराआडून हळूच पुढे आली. ह्यांनी तोंड उघडण्याच्याही आधी, चुलीपाशीच गुपचूप चाखून, त्यांनी मिठाच्या भांड्यातून चिमूट उचलून ठेवली असणार. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी ती कालवणात सोडली, बोटानं ढवळली आणि जेवायला लागल्या.